डोंगरात घर, शहरात पत्ता

१९४६च्या जानेवारीत टेनेसी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात, लिटल पिजन नदीच्या काठच्या एका लाकडी खोपटात एक मुलगी जन्मली. डॉक्टरला द्यायला रोकड नव्हती, म्हणून बापाने मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. बारा भावंडांतली ही चौथी. १९६४ साली शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ही पोरगी बसमध्ये बसून नॅशव्हिलला गेली, गायला. तिचं नाव डॉली पार्टन. आज त्याच डोंगरात तिच्या नावाचं 'डॉलीवूड' आहे. पाळणे आहेत, झुकझुक गाडी आहे, आणि तिच्या लहानपणीच्या घराची प्रतिकृतीही आहे. ती भावाने बांधली आणि आतली मांडामांड आईने केली. पर्यटक रांगेत उभे राहून त्या दोन खोल्यांत डोकावतात, 'अरेरे, एवढ्यात चौदा माणसं!' म्हणून हळहळतात आणि संध्याकाळी सहा बेडरूमच्या, गच्चीत गरम पाण्याचा टब असलेल्या 'केबिन'मध्ये झोपायला जातात.

डॉलीचा हा रस्ता, म्हणजे ग्रेट स्मोकी माउंटन्स ते नॅशव्हिल, ही अमेरिकेच्या आग्नेय भागातली हमखास चालणारी जोडसहल आहे. अटलांटाच्या मराठी मंडळींना तर ती फारच सोयीची. अटलांटाहून नॅशव्हिल साधारण चार तास, स्मोकीही तेवढंच, आणि त्या दोघांमधलं अंतरही जवळपास तितकंच. झाला त्रिकोण. भारतातून आईबाबा आले की एका लांब वीकेंडला हा त्रिकोण पुरा करायचा बेत ठरतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो आणि घरांच्या लिंका पडायला लागतात. गोंधळ इथेच सुरू होतो, कारण दोन्ही ठिकाणची घरं एकाच फूटपट्टीने मोजली जातात: किती बेडरूम, किती पैसे, किती तारे.

फूटपट्ट्या दोन हव्यात. डोंगरात दिवसातला निम्मा वेळ घरातच जातो, तेव्हा तिथे घर बघायचं. नॅशव्हिलमध्ये घरी फक्त पाठ टेकायला जायचं असतं, तेव्हा तिथे पत्ता बघायचा. हे एकदा डोक्यात बसलं की उरते ती गंमत.

वजाबाकी करा, मैल मोजा

अमेरिकेतल्या महामार्गांवर एक्झिटला जे नंबर असतात ते बहुतेक राज्यांत मैलांचे असतात. टेनेसीत आय-४० हा रस्ता पश्चिमेला मेम्फिसजवळ मिसिसिपी नदी ओलांडून राज्यात शिरतो आणि तिथून मैल मोजायला सुरुवात होते. नॅशव्हिलचा मध्य येतो दोनशे दहाच्या आसपास. स्मोकीला वळायचं मुख्य एक्झिट आहे ४०७. वजाबाकी करा: जवळजवळ दोनशे मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. गुगलला विचारायची गरज नाही.

घड्याळाला मात्र विचारावं लागतं. टेनेसी राज्यात दोन वेळा चालतात. नॅशव्हिल मध्य वेळेवर, स्मोकी पूर्व वेळेवर. क्रॉसव्हिल मागे टाकून कंबरलँडच्या पठारावरून उतरू लागलं की रस्त्यात एक तास गायब होतो. नॅशव्हिलहून दुपारी बाराला निघालेला माणूस चार तास गाडी हाकून पोचतो तो पाच वाजता. केबिनचा ताबा चारला मिळतो म्हणून आधी पोचून ताटकळायची भीती नको. पण उलट दिशेने येताना तास परत मिळतो आणि नॅशव्हिलच्या दारात तुम्ही वेळेआधीच सामानसुमानासह हजर. त्यामुळे 'आधी डोंगर की आधी शहर' या प्रश्नात घड्याळ डोंगराच्या बाजूने पडतं: पहिल्या दिवशी डोंगर गाठा, शहर शेवटी ठेवा, आणि मिळालेला तास गाण्यावर उधळा.

४०७लाच 'बकीज' नावाचा पेट्रोलपंप आहे. पंप म्हणायचं ते सवयीने. २०२३च्या जूनमध्ये तो उघडला तेव्हा त्याचं दुकान जगातलं सर्वांत मोठं 'कन्व्हिनियन्स स्टोअर' होतं, ७४ हजार चौरस फूट. पुढच्याच वर्षी याच कंपनीने टेक्ससमध्ये त्याहून थोडं मोठं उघडलं आणि किताब काढून घेतला. इथली स्वच्छतागृहं चकचकीत असतात. ज्यांच्या गाडीत ज्येष्ठ नागरिक आहेत त्यांना या वाक्याचं मोल कळेल.

पुढे पिजन फोर्ज लागतं. या गावात पत्ता सांगायची तऱ्हा वेगळी. मुख्य रस्त्यावरच्या सिग्नलना नंबर आहेत आणि हॉटेलं, दुकानं, नाटकघरं सगळी आपला ठिकाणा सिग्नलच्या नंबराने सांगतात: 'अमक्या लाईटला डावीकडे.' केबिनच्या माहितीत 'लाईट नंबर'चा उल्लेख दिसला तर ती चुकून पडलेली ओळ समजू नका, तोच पत्ता आहे. याच रस्त्यावर एक अख्खी इमारत उलटी बांधलेली आहे, छप्पर खाली आणि पाया वर. आणि टायटॅनिकचा अर्धा भाग समुद्रापासून शेकडो मैलांवर डौलात उभा आहे. आवडीनिवडीचा प्रश्न. माझ्या मते पिजन फोर्ज हे गाडीच्या काचेतून बघायला जास्त बरं.

डोंगर म्हातारे, प्रवेश फुकट

स्मोकी पर्वत घडले साधारण २० ते ३० कोटी वर्षांपूर्वी. आपला सह्याद्री ज्या लाव्हापासून झाला तो ओतला गेला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे हे डोंगर सह्याद्रीच्या आजोबांच्या वयाचे, आणि म्हातारपणी झिजून जसं होतं तसे गोलसर झालेले. कडे आणि सुळके बघायची सवय असलेल्या ट्रेकरला पहिल्यांदा वाटतं, हे काय, नुसत्या टेकड्या! पण सर्वांत उंच कुवोही शिखर ६,६४३ फूट आहे. कळसूबाईपेक्षा बाराशे फुटांहून जास्त. वर्षानुवर्षं त्याला क्लिंगमन्स डोम म्हणत. २०२४च्या सप्टेंबरमध्ये चेरोकी लोकांचं मूळ नाव परत मिळालं. जुन्या नकाशावर आणि जुन्या प्रवासवर्णनांत अजून क्लिंगमनच भेटेल, तेव्हा दोन वेगळी शिखरं समजून दोन दिवस राखून ठेवू नका.

'स्मोकी' म्हटलं तरी धूर नाही. झाडंच हवेत काही वायुरूप द्रव्यं सोडतात, ती आणि दमट हवा मिळून निळसर धुकं दिसतं. पाऊसही भरपूर: कुवोहीवर वर्षाला सव्वादोन मीटरच्या आसपास. महाबळेश्वरवाले हसतील, त्यांच्याकडे याच्या दुपटीहून जास्त पडतो. पण इथे तो बारा महिने वाटून पडतो. त्यामुळे 'पावसाळा टाळून जाऊ' हा बेत इथे चालत नाही. चालतं ते छप्पर असलेलं अंगण. केबिनला झाकलेली ओसरी आहे की नाही हे बेडरूमच्या आकड्याआधी बघा.

आणि हे अमेरिकेतलं सर्वांत गर्दीचं राष्ट्रीय उद्यान, वर्षाला सव्वा कोटीच्या घरात भेटी, तरी प्रवेश फुकट. कारण मजेदार आहे. टेनेसी राज्याने डोंगर ओलांडणारा न्यूफाउंड गॅपचा रस्ता केंद्र सरकारच्या हवाली केला तेव्हा अट घातली की यावर कधीही टोल घ्यायचा नाही. त्या कागदापुढे आजही कोणाचं चालत नाही. मग २०२३च्या मार्चपासून सरकारने तोड काढली: फिरा फुकट, पण गाडी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभी केलीत तर पार्किंगचं शुल्क. दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५. तीन दिवस राहणाऱ्याने आठवड्याचा टॅग घ्यावा की रोजचा, हे गणित ज्याला कळत नाही त्याला ग्रुपचा खजिनदार करू नये.

फोटोतला डोंगर कोणत्या महिन्यातला?

आता केबिन. सेव्हियर काउंटीत, म्हणजे गॅटलिनबर्ग, पिजन फोर्ज, सेव्हियरव्हिल आणि वेअर्स व्हॅलीच्या परिसरात, भाड्याच्या केबिन्सची रेलचेल आहे आणि जवळपास प्रत्येकीला नाव आहे. आपल्याकडे घराला 'मातृछाया' नाहीतर 'श्रमसाफल्य' असतं तसं इथे अस्वल. इंग्रजीत 'बेअर' या उच्चारावर जितक्या कोट्या होऊ शकतात तितक्या होऊन गेल्या आहेत, आणि अजून होताहेत. आतही तेच: दिव्याच्या बुंध्याला अस्वल, चादरीवर अस्वल, टॉवेल अडकवायच्या खुंटीवर अस्वल. सजावटीवरून घर निवडू पाहाल तर सगळी सारखीच.

निवडायचं ते या गोष्टींवरून. पहिली गोष्ट दृश्य. या डोंगरातली बहुतेक झाडं पानगळीची. डिसेंबरमध्ये काढलेल्या फोटोत ओसरीसमोर डोंगरांच्या सात रांगा दिसतात. जुलैत त्याच ओसरीत बसलात तर समोर हिरवी भिंत. माहितीत 'सीझनल व्ह्यू' असे दोन शब्द असले तर समजून घ्या की दृश्य आहे, पण हजेरी हिवाळ्यात. फोटोतली झाडं नीट बघा. खराटे दिसताहेत आणि तुमचं बुकिंग उन्हाळ्याचं असेल तर मालकाला जूनचा फोटो मागा. मागायला लाजू नका. हल्ली फोन सगळ्यांकडे आहेत.

दुसरी गोष्ट झोपण्याचा आकडा. 'बारा जण झोपू शकतात' यात सोफा उघडून दोन, पोटमाळ्यावर चार आणि तळघरातल्या खेळाच्या खोलीत बिलियर्डच्या टेबलाशेजारी दोन असे धरलेले असतात. पोटमाळा, म्हणजे 'लॉफ्ट', हा केबिनचा लाडका प्रकार. दिसायला सुरेख, पण त्याला भिंत नसते, कठडा असतो. वरच्याचं घोरणं खालच्या दिवाणखान्यात आणि खालच्यांचा पत्त्यांचा डाव वर, अशी आवाजाची देवाणघेवाण रात्रभर चालते. सासू-सासरे, दीर-जाऊ आणि चार पोरं असा लवाजमा असेल तर बेडरूम मोजू नका, दारं मोजा. आणि बाथरूम कोणत्या मजल्यावर हेही बघा, कारण डोंगरउतारावरच्या घराचं मुख्य दार बहुधा मधल्या मजल्यावर उघडतं.

उतारावरून आठवलं, रस्ता. वरच्या केबिनला जाणारी शेवटची वाट उभ्या चढाची, कधी खडीची, एका गाडीपुरती असते. हिवाळ्यात बर्फ पडलं की मालकांच्या अटींत चारही चाकांना जोर असलेली गाडी लागेल असं बारीक अक्षरात असतं. ते वाचा. मोबाइलला रेंज असेलच असंही नाही, राष्ट्रीय उद्यानात तर बहुतेक ठिकाणी नसतेच. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि दाराचा कोड कागदावर लिहून ठेवा. अंधारात, पावसात, दारासमोर उभं राहून ईमेल उघडायची वाट बघणं ही काही सहलीची आठवण नव्हे.

एक गंभीर गोष्टही इथेच. २०१६च्या नोव्हेंबरच्या अखेरीस, दुष्काळानंतर सुटलेल्या वादळी वाऱ्यात उद्यानातला वणवा गॅटलिनबर्गमध्ये उतरला. चौदा माणसं गेली, दोन हजारांहून अधिक इमारती जळाल्या किंवा त्यांचं नुकसान झालं; त्यांत कितीतरी केबिन्स होत्या. एकच अरुंद वाट असलेल्या उंचावरच्या घरांतून बाहेर पडणं किती अवघड असतं ते त्या रात्री दिसलं. दृश्य जितकं उंच तितकी वाट चिंचोळी, हा हिशेब मनात ठेवून घर निवडावं. शरद ऋतूत कोरड्या वाऱ्याचा इशारा आला असेल तर ओसरीतली शेकोटी पेटवण्याचा हट्ट सोडावा.

आता स्वयंपाकघर. जाहिरातीत 'सर्व सोयींनी युक्त' लिहिलेलं असतं आणि आत कॉफीची दोन यंत्रं, पिझ्झा कापायची चकती, बार्बेक्यूचा चिमटा असा जामानिमा असतो. कुकर नसतो, पोळपाट-लाटणं तर नाहीच. कुकर घरून न्यावा. पण खरी परीक्षा फोडणीची. लाकडी घरात धुराची सूचना देणारी यंत्रं खोलीखोलीत असतात आणि बऱ्याच घरांत शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत आतच सोडतो. मोहरी तडतडली, सुक्या मिरच्या पडल्या की तिन्ही मजल्यांवर भोंगा. त्यावर उपाय म्हणून यंत्राची बॅटरी काढणारे महाभाग असतात. तसं करू नये, लाकडी घर आहे. खिडकी उघडा, मिरची शेवटी टाका, नाहीतर फोडणी घरूनच करून डबीत आणा.

आणि बाहेर अस्वलं. खोटी नाहीत, खरी. उद्यानात दीड हजारांहून जास्त काळी अस्वलं आहेत आणि त्यांना हद्दीची पाटी वाचता येत नाही. त्यांची घ्राणशक्ती जबर. ओसरीवर विसरलेला चिवडा, कचऱ्याची पिशवी, गाडीतला केळ्याचा घड, सगळं त्यांना कळतं. खाली दाबून उघडणारी हँडल असलेली गाडीची दारं त्यांना पंजाने उघडता येतात. उघडतात, आत शिरतात, दार मागून बंद होतं आणि मग आतल्या गाद्यांचं काय होतं ते विमा कंपनीला समजावणं कठीण. गाडी लॉक करा, घराचं दार लॉक करा. गरम पाण्याच्या टबात अस्वल डुंबत असल्याचे व्हिडिओ या भागातून अधूनमधून येतात, तेव्हा टबाचं झाकण उघडण्याआधी एक नजर टाकणं बरं. उद्यानात अस्वलाच्या ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटरच्या आत मुद्दाम जाणं हा गुन्हा आहे. सेल्फी हे कारण न्यायाधीश मानत नाहीत. घर निवडताना विचारायचा प्रश्न एवढाच: कचऱ्याचा डबा अस्वलाला न उघडणारा आहे का?

पाच बहिणी, लामा आणि काजवे

खऱ्या केबिनमध्ये राहणं कसं होतं हे बघायचं तर लिटल ग्रीनब्रायरला वॉकर बहिणींच्या घरी जा. १९३४ साली उद्यान झालं तेव्हा डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. या अविवाहित बहिणी हटल्या नाहीत. शेवटी सरकारने जमीन विकत घेतली, पण हयात असेपर्यंत राहायची मुभा दिली. त्या सूत कातत, भाजी पिकवत, मेंढ्या पाळत राहिल्या. १९४६ साली एका मोठ्या साप्ताहिकाने त्यांच्यावर लेख छापला आणि पर्यटकांची रीघ लागली. बहिणींनी शांतपणे सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या विकायला सुरुवात केली. शेवटची बहीण लुइझा १९६४ साली गेली. नेमकी त्याच वर्षी डॉली बसमध्ये बसली. घर अजून उभं आहे, भाड्याने मिळत नाही.

उद्यानाच्या आत पक्क्या छपराखाली राहायचं असेल तर एकच जागा: लकॉन्ट लॉज. १९२०च्या दशकातलं, सहा हजार फुटांहून उंचावर. तिथे रस्ता जात नाही. सर्वांत जवळची वाट पाच मैलांहून थोडी जास्त, पायी. वीज नाही, कंदील आहे. धुतलेल्या चादरी आणि ताजं सामान आठवड्यातून काही वेळा लामांच्या पाठीवरून येतं. लामा म्हणजे दक्षिण अमेरिकेतले ते लांब मानेचे, तिरसट चेहऱ्याचे प्राणी. घोड्यांपेक्षा त्यांच्या पायांनी वाट कमी झिजते म्हणून त्यांची नेमणूक. आरक्षण महिनोनमहिने आधी संपतं. भिंतीला टीव्ही, छताला पंखा आणि मुलांना वायफाय हवं असलेल्या मंडळींना हे सुचवून मैत्री धोक्यात घालू नये.

आणि आता या मुलखातली माझी सर्वांत लाडकी हकीकत. एल्कमाँट नावाच्या भागात शंभर वर्षांपूर्वी नॉक्सव्हिलच्या सुखवस्तू कुटुंबांची सुट्टीतली घरं होती. त्यांतल्या एका घराच्या ओसरीत बसून लिन फाउस्ट वर्षानुवर्षं काजवे बघायच्या. हजारो काजवे एका तालात चमकायचे आणि सगळे एकदम विझायचे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या वाचनात आलं की असे तालात चमकणारे काजवे आग्नेय आशियात आहेत, अमेरिकेत नाहीत. बाईंनी गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांना पत्र लिहिलं: आमच्या ओसरीसमोर आहेत की! पत्र योग्य माणसांच्या हाती गेलं, जोनाथन कोपलंड आणि अँड्र्यू मॉइसेफ हे शास्त्रज्ञ येऊन बघून गेले, आणि फोटिनस कॅरोलिनस जातीचा काजवा प्रसिद्ध झाला. इतका की आता मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतच्या त्या काही रात्रींसाठी गाडी उभी करायला लॉटरी लागते. भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांना हंगाम ओळखीचा वाटेल, जवळपास तोच. जूनमध्ये केबिन घेत असाल तर आधी लॉटरीची तारीख बघा, मग केबिनची. नाही लागला नंबर तरी हरकत नाही. या डोंगरात काजव्यांच्या इतरही पुष्कळ जाती आहेत आणि त्या तुमच्या ओसरीसमोर फुकट चमकतात, तालाचं मात्र मनावर घेत नाहीत.

उंच, बारीक आणि जिनेच जिने

नॅशव्हिल. इथे घर शोधताना फोटोत एक चमत्कारिक जोडी वारंवार दिसेल: एकाच प्लॉटवर दोन उंच, चिंचोळी, जुळी घरं. जुनं एकमजली घर पाडायचं आणि त्या जागी दोन उभी करायची, असा बिल्डरांचा खाक्या. स्थानिक लोक त्यांना 'टॉल अँड स्किनी' म्हणतात. तळाला गॅरेज, वर स्वयंपाकघर, त्यावर बेडरूम, सगळ्यात वर गच्ची आणि तिथून दिसणारं शहर. त्या शहरात बॅटमनच्या मुखवट्यासारखी दोन शिंगांची ६१७ फुटांची इमारत आहे, ती लगेच ओळखू येते. फोटो झकास. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला चहासाठी एक आणि झोपायला दोन जिने चढवायचे नसतील तर हा प्रकार टाळा.

शहराचे नियमही कडक. थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायला मालकाला परवाना लागतो आणि त्याचा नंबर जाहिरातीत द्यावा लागतो. नंबर दिसत नसेल तर पुढे जा. माणसांचा हिशेबही कायद्यातच: झोपायच्या खोल्यांच्या दुप्पट अधिक चार, आणि काही झालं तरी बारापेक्षा जास्त नाही. 'दोन पोरं आहेत, धरू नका' हे नगरपालिकेला चालत नाही.

किंमतीचंही बघा. रात्रीचा दर, त्यावर सफाई, त्यावर सेवाशुल्क अशी उतरंड पूर्वी शेवटच्या पानावर दिसायची. २०२५च्या मे महिन्यापासून केंद्रीय व्यापार आयोगाच्या नियमाने सक्तीची सगळी शुल्कं धरून एकूण आकडा आधीच दाखवावा लागतो. कर मात्र अजून वेगळे येऊ शकतात, आणि टेनेसीत ते हलके नाहीत. पगारावर राज्याचा आयकर नाही म्हणून टेनेसीकर खूश असतात. तो खर्च कोण भरून काढतं? विक्रीकर आणि निवासकर भरणारे तुम्ही-आम्ही.

पत्ता का महत्त्वाचा

लोअर ब्रॉडवे या रस्त्यावर 'हाँकी-टाँक' म्हणतात ते गाण्याचे बार ओळीने आहेत. सकाळी अकराच्या आत-बाहेर गाणं सुरू होतं ते पहाटे तीनपर्यंत. तिकीट नाही. वादक बक्षिशीवर वाजवतात, फिरणाऱ्या बादलीत नोट टाकायला विसरू नका. त्या बादलीतूनच कोणाचं तरी घरभाडं निघतं. सातव्या इयत्तेतल्या मुलांना घेऊन जायचं तर दुपारी जा, संध्याकाळनंतर बऱ्याच ठिकाणी एकवीस वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. आणि लग्नाआधीची शेवटची मौज म्हणून आलेल्या नवऱ्यामुली! गुलाबी टोप्या, पांढरे बूट, पायडल मारत चालवायचा फिरता बार आणि किंचाळणं. या रस्त्याच्या कोपऱ्यावर घर घेतलंत तर गाणं ऐकायला बाहेर पडावंच लागणार नाही. झोपायचं असेल तर थोडं लांब, जर्मनटाऊनसारख्या भागात घ्या.

पण कशापासून लांब? इथे भलेभले फसतात. 'ग्रँड ओल ऑप्री' हा 'कंट्री' संगीताचा रेडिओवरचा कार्यक्रम १९२५च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला तो डब्ल्यूएसएम केंद्रावर. ते केंद्र एका विमा कंपनीचं; ती तीन अक्षरं म्हणजे कंपनीच्या घोषवाक्याची आद्याक्षरं. गाणी ऐकवायची आणि दारोदार एजंट पाठवून पॉलिसी विकायच्या, असा सरळ धंदा. १९४३ ते १९७४ हा कार्यक्रम डाउनटाऊनमधल्या रायमन सभागृहात व्हायचा. १९७४ साली तो नव्या ऑप्री हाऊसमध्ये गेला, आणि ते डाउनटाऊनपासून सुमारे दहा मैल लांब आहे. रायमन आणि ऑप्री हाऊस एकच समजून रायमनच्या शेजारी महागडं घर घेणारे दर आठवड्याला भेटतात. तिकिटावरचं नाव वाचा, मग घर शोधा.

रायमनची कथा तर फर्मास. टॉम रायमन हा बोटींचा मालक, बोटींवर दारू आणि जुगार. सॅम जोन्स नावाच्या धर्मोपदेशकाची खिल्ली उडवायला म्हणून तो सभेला गेला असं सांगतात, आणि तिथेच त्याचं मन पालटलं. त्याने प्रार्थनेसाठी प्रचंड सभागृह उभं केलं, १८९२ साली ते उघडलं. आजही तिथे खुर्च्या नाहीत, चर्चची लाकडी बाकं आहेत. तीन तास बसायचं तर घरून उशी नेणारेही असतात. मागच्या गल्लीला लागून जांभळ्या रंगाचं 'टूट्सीज' आहे. गायक मंडळी दोन गाण्यांच्या मधे मागच्या दाराने तिथे घसा ओला करून यायची. ऑप्री नव्या घरी गेली तेव्हा रायमनच्या रंगमंचाच्या लाकडाचं सहा फुटी वर्तुळ कापून तिथे बसवलं गेलं. २०१०च्या महापुरात कंबरलँड नदी आत शिरली, वर्तुळ बुडालं, वाचलं, परत बसवलं. आजही गायक त्यावरच उभे राहतात.

ब्लूबर्ड कॅफे? तोही डाउनटाऊनमध्ये नाही. ग्रीन हिल्स भागात, साध्या दुकानांच्या ओळीत, जेमतेम नव्वद खुर्च्या. गीतकार स्वतः आपली गाणी म्हणतात, आणि प्रेक्षकांनी बोलायचं नाही हा नियम. १९८२ साली एमी कुरलंड यांनी तो उघडला. गार्थ ब्रुक्स, टेलर स्विफ्ट ही मंडळी नाव होण्याआधी इथे गायली. आणि आरसीए स्टुडिओ बी, जिथे एल्विसने दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. नाताळची गाणी भर उन्हाळ्यात गायची वेळ आली तेव्हा वातावरणनिर्मितीसाठी रंगीत दिवे लावले गेले, अशी आख्यायिका तिथे ऐकवतात. डॉलीने 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' १९७३ साली इथेच गायलं. पहिल्या ध्वनिमुद्रणाला उशीर झाला म्हणून तिने घाईत गाडी इमारतीच्या भिंतीवर आपटली, हेही तिथे आनंदाने सांगतात.

आपल्या माणसांच्या खुणाही आहेत. २००६ साली नॅशव्हिल सिम्फनीचं शर्मरहॉर्न सभागृह उघडलं, तेव्हा त्यासाठी खास तिघांकडून रचना मागवली होती: बँजोवाला बेला फ्लेक, डबल बासवाला एडगर मेयर आणि तबल्यावर माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन. पुढे या तिघांना बासरीवादक राकेश चौरसिया येऊन मिळाले आणि २०२४ साली त्यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. शहराच्या पश्चिमेला टेकड्यांमध्ये श्री गणेश मंदिर आहे. संगीतनगरीची सुरुवात गणपतीने करायची की शेवट, ते आईबाबांना विचारा. आणि सेंटेनियल पार्कात अथेन्सच्या पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, मुळात १८९७च्या प्रदर्शनासाठी उभी केलेली आणि नंतर पक्क्या बांधकामात पुन्हा बांधलेली. आत ४२ फुटी सोनेरी अथेना. अथेन्सचं मूळ देऊळ भग्न आहे, हे मात्र छपरासकट शाबूत. शेजारच्या भागात घर मिळालं तर सकाळी चालायला याहून वेगळी बाग सापडणार नाही.

तिखटाची गोष्ट

खाण्याचं एकच सांगतो. नॅशव्हिलचं 'हॉट चिकन'. दंतकथा अशी की थॉर्नटन प्रिन्स नावाचे गृहस्थ रात्र बाहेर काढून पहाटे घरी आले. घरातल्या बाईने सूड म्हणून न्याहारीच्या तळलेल्या कोंबडीवर भरमसाट लाल तिखट ओतलं. त्यांनी ते मिटक्या मारत खाल्लं आणि पुढे दुकानच काढलं. प्रिन्सेस अजून चालू आहे. चरबीत कालवलेलं तिखट तळलेल्या कोंबडीवर चोपडतात, खाली पांढऱ्या पावाचा तुकडा, वर काकडीचं लोणचं. 'आम्ही कोल्हापूरचे' असं म्हणत सर्वांत वरची पायरी मागणारे दोन घासांनंतर पाव शोधताना दिसतात. मधली पायरी मागवा. बांधून घेऊन भाड्याच्या घरी खाणार असाल तर स्वयंपाकघरातच खा: या घरांतले सोफे हटकून पांढरे असतात आणि त्या लाल तेलाचा डाग काढायचे पैसे अनामत रकमेतून जातात.